खंदकाच्या काठावर बसलेले : सूरह अल-बुरूजचा एक पाठ



कर्वेनगरातील एका घरी दर रविवारी मगरिबच्या नमाजनंतर काही कुटुंबे कुरआनच्या अध्ययनासाठी एकत्र जमतात. मुले मराठी शाळांत शिकणारी आहेत, म्हणून दर्सही मराठीतच चालतो. वडीलधारी मंडळी मध्येच दखनीत एखादा प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर मुलांसाठी पुन्हा मराठीत सांगावे लागते. गेल्या महिन्यात तिसाव्या पाऱ्यातील सूरह अल-बुरूज चालू होती. आगीच्या खंदकांची हकीकत सांगून झाल्यावर आठवीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, “मौलाना, जाळलेले ते लोक मुसलमान होते ना?”

मी सवयीने “हो” म्हणालो.

ती क्षणभर थांबली. “पण मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात की ही गोष्ट आपल्या प्रेषितांच्या (स.) जन्माच्या आधीची आहे. मग ते नेमके कोण होते?”

मदरशातून बाहेर पडल्यापासून दहा-बारा वर्षे मी ही सूरह मुलांना शिकवीत आलो आहे. ‘एका जालीम बादशहाने ईमानवाल्यांना जाळले’ एवढे सांगून मी नेहमी पुढे जात असे. ते ईमानवाले कोणत्या प्रेषिताचे नाव घेत होते, हे मी एकदाही सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले, की ते हजरत ईसा (अ.) यांचे अनुयायी होते. आजच्या भाषेत ख्रिस्ती. बैठकीतील एका वयस्क चाचांना ते रुचले नाही. “मौलाना, मुलांना एवढे खोलात सांगायची काय गरज? ख्रिश्चन लोकांचे दुःख सांगायला त्यांचे पाद्री आहेत की,” असे ते म्हणाले. मुलीचा प्रश्न आणि चाचांची हरकत या दोहोंना त्या दिवशी वेळेअभावी पुरते उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम सूरहकडे पाहू. क्रमाने ही पंच्याऐंशीवी सूरह असून तिच्या आयती बावीस आहेत. ती मक्केत अवतरली, आणि तीही मक्केतील छळ जोरात असताना. हजरत बिलाल (रजि.) यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला जात होता, हजरत खब्बाब (रजि.) यांची पाठ निखाऱ्यांवर भाजली जात होती, हजरत सुमैया (रजि.) यांना जिवे मारण्यात आले होते. अशा काळात या मूठभर माणसांना अल्लाहने बुरुजांनी युक्त आकाशाची, वचन दिलेल्या दिवसाची, साक्षीदाराची आणि ज्याविषयी साक्ष दिली जाते त्याची शपथ घेऊन एक जुनी घटना ऐकविली. ‘असहाबुल उखदूद’ म्हणजे खंदकवाले. मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो. खंदकवाले म्हणजे खंदकात पडलेले, असे त्यांना वाटते. बहुसंख्य भाष्यकारांच्या मते हे नाव खंदक खोदणाऱ्यांचे आहे, आणि धिक्कार त्यांचाच केलेला आहे. पुढे म्हटले आहे की ते त्या आगीच्या काठावर बसले होते आणि श्रद्धावंतांशी जे काही चालविले होते ते स्वतः पाहत होते. जळणाऱ्यांचा अपराध एवढाच, की प्रभुत्वशाली आणि स्तुत्य अशा अल्लाहवर त्यांची श्रद्धा होती.

येथे राजाचे नाव नाही, गावाचे नाही, वर्षही नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत सुहैब (रजि.) यांच्याकडून आलेली जी दीर्घ हदीस आहे, तिच्यातही नावे नाहीत. (हे सुहैब स्वतः मक्केत छळ सोसलेले होते, ही गोष्ट ती हदीस वाचताना ध्यानात असावी.) तिच्यात एक राजा आहे, त्याचा म्हातारा जादूगार आहे आणि जादू शिकण्यासाठी निवडलेला एक मुलगा आहे. जादूगाराकडे जाण्याच्या वाटेवर एका राहिबाची, म्हणजे ख्रिस्ती संन्याशाची, झोपडी लागते. मुलगा तेथे थांबू लागतो आणि त्याच्यापासून खरा धर्म शिकतो. राहिबाला करवतीने चिरतात. मुलाला डोंगरावरून ढकलण्याचा आणि समुद्रात बुडविण्याचा प्रयत्न होतो, पण तो दोन्ही वेळा वाचतो. अखेरीस तो राजाला सांगतो, की लोकांना मैदानात जमव आणि ‘या मुलाच्या पालनकर्त्या अल्लाहच्या नावाने’ म्हणून बाण सोड. बाण लागतो, मुलगा मरण पावतो आणि जमलेली सारी जनता ईमान आणते. मग गल्ल्यांच्या तोंडाशी खंदक खोदले जातात. कडेवर तान्हे मूल घेतलेली एक स्त्री आगीपाशी अडखळते, तेव्हा ते मूलच तिला सांगते, की आई, धीर धर, तू सत्यावर आहेस.

ही घटना कोठली, याबद्दल भाष्यकारांची मते एकसारखी नाहीत. तफहीमुल कुरआनमध्ये मौलाना मौदूदी यांनी अशा अनेक परंपरा नोंदवून त्यांतील नजरानच्या घटनेची सविस्तर चर्चा केली आहे. इब्ने इसहाक यांनीही सूरहचा संबंध तिच्याशीच जोडला. इतिहासात तिचे पुरावे सर्वांत भक्कम आहेत, म्हणून आपण तिच्याकडे वळू.

नजरान हे आज सौदी अरेबियाच्या दक्षिण टोकाला, यमनच्या सीमेलगत आहे. सहाव्या शतकात ते काफिल्यांच्या मार्गावरील संपन्न शहर होते आणि तेथे ख्रिस्ती वस्ती मोठी होती. दक्षिण अरबस्तानवर हिम्यर घराण्याची सत्ता होती. या घराण्याच्या राजांचा कल चौथ्या शतकाच्या अखेरपासून यहुदी धर्माकडे होता. इ.स. ५२२ च्या सुमारास यूसुफ नावाचा राजा गादीवर आला. अरब इतिहासकार त्याला ‘जू नुवास’ म्हणतात. लाल समुद्रापलीकडे हबशा, म्हणजे अक्सूमचे राज्य होते. ते ख्रिस्ती होते आणि त्याच्यामागे रोमचा बलाढ्य ख्रिस्ती कैसर उभा होता. हबशाच्या सैनिकांचा तळ हिम्यरच्या राजधानीत, जफार येथे होता. यूसुफने त्या सैनिकांना मारले आणि तेथील चर्च जाळले. त्यानंतर त्याची नजर आपल्याच ख्रिस्ती प्रजेकडे वळली. ही माणसे परक्या राज्याची हस्तक आहेत, त्यांचे अंतःकरण सीमेपलीकडे आहे, असे त्याने ठरविले. वाचकहो, हा आरोप आपल्याही कानांना नवा नाही.

नजरानच्या उत्तरेस हिमा येथील खडकांवर या मोहिमेचे शिलालेख आजही वाचता येतात. त्या परिसराला २०२१ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे लेख छळ सोसणाऱ्यांनी नव्हे, तर राजाच्या सेनापतीने कोरविले आहेत. तोवरच्या मोहिमेत बारा-तेरा हजार माणसे ठार झाली, हजारो कैद झाली आणि लाखो उंट, गुरे व मेंढ्या लुटीत आल्या, असा हिशेब त्यांत मांडला आहे. जफार व मुखा येथील चर्च पाडल्याचा, जाळल्याचा उल्लेख आहे आणि नजरानची नाकेबंदी चालू असल्याचे म्हटले आहे. काळ इ.स. ५२३ चा. याच लेखांत ‘रहमानान’ या नावाने ईश्वराचा धावा केलेला आहे. रहमान! मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्याने माणसे मोजून मारली, त्याने दगडावर नाव कोरले ते परमदयाळूचे.

पुढची हकीकत सुरयानी भाषेतील पत्रांतून कळते. बैत अर्शामचा बिशप शमऊन ५२४ साली हीराच्या अरब राजाच्या छावणीत असताना यूसुफचे एक पत्र तेथे येऊन पोहोचले. आपण नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे काय केले, हे त्यात त्याने अभिमानाने लिहिले होते आणि तुम्हीही तसेच करा, असा सल्ला दिला होता. शहर वेढ्याने पडेना, तेव्हा राजाने शपथ वाहून अभय दिले. दरवाजे उघडले गेले आणि शपथ मोडली गेली. चर्चमध्ये माणसे कोंडून आग लावण्यात आली. शहराचा प्रमुख हारिस हा वयोवृद्ध होता. धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून त्याचा शिरच्छेद झाला. स्त्रियांनाही तोच पर्याय दिला गेला आणि त्यांनी तेच उत्तर दिले. इब्ने इसहाक यांनी मृतांचा आकडा वीस हजारांच्या आसपास दिला आहे. आकडे सोडून देऊ. राजाचे पत्र आणि सेनापतीचा शिलालेख घ्या. दोन्ही करणाऱ्यांच्याच हातचे आहेत. ते स्वतःच आपल्या कृत्याचे साक्षीदार होते, असे सूरह म्हणते. खडकावर तीच साक्ष कोरलेली आहे.

आता एका अवघड प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही. नजरानच्या या ख्रिस्ती लोकांची येशूविषयीची श्रद्धा आपल्यासारखी नव्हती. सुरयानी लेखांवरून दिसते की ते हजरत ईसा (अ.) यांना ईश्वर मानीत होते आणि राजा त्यांच्याकडून नेमका याचाच इन्कार मागत होता. मग कुरआनने त्यांना श्रद्धावंत कसे म्हटले? आपले इतिहासकार सांगतात, की ते ईसांच्या (अ.) मूळ धर्मावर होते. काहींच्या मते कुरआनातील घटना दुसरीच आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या अंतःकरणात तौहीद किती निर्मळ होती याचा निवाडा अल्लाहकडे आहे. त्यासाठी आपल्याला नेमलेले नाही. आग लावणाऱ्याचा निवाडा मात्र कुरआनने स्पष्ट शब्दांत करून टाकला आहे. एखादा जळत असताना आधी त्याचा अकीदा तपासावा आणि मग हळहळायचे की नाही ते ठरवावे, असा क्रम या सूरहत मला कोठे आढळला नाही.

राजाचा धर्म यहुदी होता, याचाही कुरआनात उल्लेख नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही हकीकत ऐकून काही जण लगेच यहुद्यांवर घसरतात. ज्याने आग लावली त्याच्या पापाचा वाटा आपल्या कोकणातील शनिवार तेल्यांच्या, बेने इस्रायलांच्या पदरात कसा घालता येईल? पुण्याच्या कॅम्पातील १८६७ चे लाल देऊळ आपण सारे येता-जाता पाहतो. तेथे प्रार्थना करणाऱ्यांनी नजरानचे नावही क्वचितच ऐकले असेल.

नजरानचा एक माणूस निसटून कैसरपर्यंत पोहोचला, अशी परंपरा आहे. कैसरच्या पाठिंब्याने हबशाच्या राजाने ५२५ च्या सुमारास समुद्र ओलांडून यूसुफचे राज्य संपविले. त्याच फौजेतील अबरहा पुढे यमनचा स्वामी झाला, आणि काबा पाडण्यासाठी हत्ती घेऊन निघालेला तो हाच. सूरह अल-फील आपल्या मुलांना पाठ असते. काल पीडितांच्या बाजूने आलेले सैन्य उद्या स्वतः जुलमी होऊ शकते, हे कुरआन वाचणाऱ्याला निराळे सांगायला नको. पण त्याच हबशाच्या दुसऱ्या एका ख्रिस्ती राजाने, नजाशीने, इ.स. ६१५ मध्ये मक्केतून पळून आलेल्या मुसलमानांना आश्रय दिला. कुरैशांनी नजराणे देऊन त्यांना परत मागितले, तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सूरह मरयमच्या आयती वाचल्या आणि नजाशीच्या डोळ्यांत पाणी आले. नजरानची आग आणि नजाशीचा दरबार यांच्यात उणीपुरी ब्याण्णव वर्षे आहेत. आगीची आठवण त्या देशात तोवर विझली नसावी, असे मला वाटते.

येथवर चाचा शांतपणे ऐकत होते. दूरदेशीच्या यहुदी राजाने ख्रिस्ती जाळले, हे ऐकायला फारसे जड जात नाही. पण आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट आहे, आणि तिच्यात काठावर बसलेला आपल्यापैकी आहे. ती सांगितल्याशिवाय हा पाठ प्रामाणिक होणार नाही.

इ.स. १३२१. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सत्तेखाली होते आणि दिल्लीच्या तख्तावर गयासुद्दीन तुघलक होता. फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे होर्मुझहून केरळातील कोल्लमकडे निघाले होते, पण त्यांचे जहाज ठाण्याला लागले. टोलेन्टिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री हे ते चौघे. शेवटचा दुभाषाचे काम करी. ठाण्यात तेव्हा नस्तुरी ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, त्यांपैकी एका घरी ते उतरले. पुढचे सारे ओडोरिक या त्यांच्याच पंथाच्या प्रवाशाने नोंदविले आहे. थोड्याच काळाने तो ठाण्यात आला होता आणि १३३० साली इटलीत परतल्यावर त्याने ही हकीकत लिहून घेतली.

सुरुवात अगदी घरगुती आहे. यजमान नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात उगारला, बाई काजीकडे फिर्याद घेऊन गेली. पुरावा काय, असे काजीने विचारताच ती म्हणाली, की घरी चार फिरंगी धर्मगुरू आहेत, त्यांनी पाहिले आहे. म्हणजे हे लोक काजीसमोर आले ते एका मार खाल्लेल्या स्त्रीचे साक्षीदार म्हणून! पीटर सामान राखायला घरी थांबला, तिघे गेले. तेथे बाईची फिर्याद बाजूला राहिली आणि धर्मचर्चा सुरू झाली. प्रथम ईसांविषयी (अ.) वाद झाला. मग त्यांना आग्रहाने विचारण्यात आले, की आमच्या प्रेषितांविषयी (स.) तुमचे मत काय? थॉमसने दिलेले उत्तर अपमानास्पद होते. ते ऐकून कोणत्याही मुसलमानाला यातना होतील. ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

मग त्यांना रणरणत्या उन्हात उभे केले गेले. मैदानात आग पेटवून जेम्सला तिच्यात दोनदा टाकले, आणि दोन्ही वेळा तो जिवंत बाहेर आला, असे ओडोरिक म्हणतो. ही चमत्काराची गोष्ट त्यांच्या श्रद्धेची आहे, ती आपण मानलीच पाहिजे असे नाही. पण पुढचा भाग वाचा. शहराचा हाकीम, ज्याला तो ‘मलिक’ म्हणतो, त्याने त्यांना खाडीपलीकडे पाठवून सोडून दिले होते. काजीने त्याचे मन वळविले. रात्री हत्यारबंद माणसे गेली आणि तिघांची डोकी उडविली. घरी राहिलेल्या पीटरने तर काहीच उत्तर दिले नव्हते. त्यालाही नंतर पकडून, छळ करून मारले. जॉर्डेनस नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूने सोपाऱ्यास त्यांना पुरले. ओडोरिकने त्यांच्या अस्थी काढून चीनपर्यंत नेल्या.

दिल्लीच्या बादशहाने ही बातमी कळताच मलिकाला बांधून आणविले व मृत्युदंड दिला, आणि काजी देश सोडून पळाला, असेही ओडोरिकने लिहिले आहे. ते खरे असेल तर येथे सर्वांत वर बसलेला मुसलमान राजाच न्यायाने वागला. पण त्या आडोशाला आपण फार वेळ उभे राहू नये. काजी आपला होता. त्याने आपल्याच मदरशांतून चालत आलेली विद्या घेतली होती आणि सूरह अल-बुरूज त्याला बहुधा तोंडपाठ असेल.

त्याने काय मोडले, ते मोजून पाहा. सहीह बुखारीत हदीस आहे, की आगीची शिक्षा देण्याचा अधिकार फक्त अल्लाहला आहे, प्रेषितांनी (स.) आपल्या माणसांना ती देण्यास मनाई केली. सूरह अत-तौबाच्या सहाव्या आयतीत, ऐन युद्धाच्या संदर्भात, आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्यालाही अल्लाहची वाणी ऐकवून मग त्याच्या सुरक्षित स्थळी पोहोचविण्याचा आदेश आहे. येथे तर ग्रंथधारक होते, पाहुणे होते, साक्षीसाठी बोलाविलेले होते. अपमानाची सबब पुढे केली जाईल. हनफी फिकहच्या ‘हिदाया’मध्ये म्हटले आहे, की जिम्मीने प्रेषितांविषयी (स.) अनुचित उद्गार काढले तरी त्याच्याशी केलेला संरक्षणाचा करार तुटत नाही, त्याचे न मानणे करार होण्याच्या आधीपासूनच होते. इतर इमामांचे मत याहून कठोर आहे, हे मी लपवीत नाही. पण खोदून खोदून उत्तर काढायचे आणि उत्तर मिळाले की लाकडे रचायची, याला कोणत्या इमामाचा आधार देणार? आणि पीटरला कोणत्या उत्तरासाठी मारले?

चाचांनी दुसऱ्या रविवारी मला विचारले, की प्रेषितांनी (स.) स्वतः नजरानच्या लोकांना कसे वागविले. प्रश्न त्यांनीच काढला, याचा मला आनंद झाला. हिजरीच्या नवव्या-दहाव्या वर्षी त्याच नजरानहून साठ जणांचे शिष्टमंडळ मदीनेस आले. जाळल्या गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचे ते गाव. मस्जिदे नबवीत असताना त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. काही जण त्यांना अडवू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना करू द्या असे सांगितले, आणि त्यांनी पूर्वेकडे तोंड करून तेथेच प्रार्थना केली. हजरत ईसांविषयी (अ.) तीव्र वाद झाला, इतका की सूरह आलि इमरानमध्ये मुबाहल्याची आयत आली. ते मुबाहल्याला तयार झाले नाहीत आणि त्यांनी ईमानही आणले नाही. तरी करार झाला. वर्षाला दोन हजार वस्त्रे त्यांनी द्यावीत, आणि त्यांचे जीव, माल, प्रार्थनास्थळे, बिशप व राहिब यांना अल्लाहचे व त्याच्या प्रेषिताचे (स.) संरक्षण राहावे. एक विश्वासू माणूस आमच्याबरोबर द्या, अशी त्यांनी विनंती केली, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांना पाठविण्यात आले. मस्जिदीत जे उत्तर त्यांनी दिले, तेच उत्तर ठाण्यात काजीसमोर ईसांविषयी (अ.) दिले गेले होते.

सूरहच्या दहाव्या आयतीकडे त्या मुलीने शेवटी लक्ष वेधले. श्रद्धावंत पुरुषांना व स्त्रियांना ज्यांनी छळले ‘आणि मग तौबा केली नाही’ त्यांच्यासाठी जळण्याची शिक्षा सांगितली आहे. “म्हणजे त्या राजाने तौबा केली असती तर?” हजरत हसन बसरी यांना याच ठिकाणी अल्लाहच्या उदारतेचे नवल वाटले होते, की त्यांनी त्याच्या प्रियजनांना मारले आणि तो त्यांनाच परत बोलावीत आहे. मी तिला तेवढेच सांगितले. मग तिने ठाण्याच्या काजीचे विचारले. पळून गेल्यानंतर त्याचे काय झाले, ते ओडोरिकच्या नोंदीत नाही.

येत्या रविवारी सूरह मरयमचा पहिला रुकू घ्यावयाचा आहे. नजाशीच्या दरबारात याच सूरहचा आरंभ वाचला गेला होता, तेव्हा घरून तो एकदा अर्थासह वाचून यावा. चाचांनी आपल्या इमारतीतील एका ख्रिस्ती कुटुंबाला त्या दिवशी चहाला बोलाविण्याविषयी विचारले आहे. घरधन्यांची परवानगी मिळाली आहे.